परिच्छेद नऊ

मनवेलपाडा, विरार पूर्व
११ डिसेंबर १९९४

एमिली,

काल तुझ्या आईने मला अंगणातूनच परत पाठवलं, म्हणून हे लिहिते आहे. मावशी भेंड्या निवडत बसल्या होत्या. मला बघून पाटी घेऊन आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या. म्हणाल्या, "आमच्या पोरीनं तुला पानी दिलं, भाकर दिली, लपायला जागा दिली. आनि तू तिचं नाव कोडतात घातलं?" मला दोन मिनिटं तुझ्याशी बोलू द्या म्हटलं, तर म्हणाल्या, "ती कोनाशी बोलत नाय. तू तर तोंड दाखवूच नको."

तुमच्या शेजारच्या बेलाने मला सगळं सांगितलं. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. तुझं आणि गास गावच्या त्या मुलाचं नाव दोनदा पुकारलं. गेल्या रविवारी फादरनी दुसऱ्या दोन जोड्यांची नावं वाचली आणि कागद मिटला. बाकावर बसल्या बसल्या सगळ्या गावाला कळलं, म्हणे. मुलाकडच्यांना माझ्या घटस्फोटाच्या अर्जाची प्रत इनासने दाखवली. कोर्टातून त्याच्या नावाने आलेली प्रत तो खिशात घालून फिरतो आणि माडीच्या दुकानात वाचून दाखवतो. नवरा आहे तो माझा अजून, कागदावर. मला लिहितानाही शिसारी येते.

आता माझं ऐक. इंग्रजांनी १८६९ साली आपल्या ख्रिस्ती लोकांसाठी घटस्फोटाचा एक कायदा करून ठेवला, तो अजून चालू आहे. नवऱ्याला बायको नको असेल तर तिने व्यभिचार केला एवढं दाखवलं की झालं. बायकोला मात्र नुसता व्यभिचार चालत नाही आणि नुसती मारहाणही चालत नाही. दोन्ही एकदम लागतं. इनासने माझा हात दोनदा मोडला हे तुला सांगायला नको, दुसऱ्या वेळी प्लास्टर घालताना तूच माझा खांदा धरला होतास. ते कागद मी चुरी वकिलांपुढे ठेवले. त्यांनी ते चाळले आणि म्हणाले, "अहो बाई, हात मोडला त्याला फौजदारी आहे. घटस्फोटाला दुसरी बाई लागते."

त्यांच्याकडे एक तयार मसुदा आहे. ख्रिस्ती बाई आली की तोच काढतात. परिच्छेद आठपर्यंत मारहाण, आणि परिच्छेद नऊ असा: 'गैरअर्जदाराचे ........ या स्त्रीशी अनैतिक संबंध आहेत.' मोकळ्या जागेत नाव भरायचं. नाव वकिलांनी भरलं. मी फक्त सही केली.

ही एक कोर्टाची रीत आहे, एवढंच समज. निकाल लागला की मी स्वतः गावात सगळ्यांना खरं सांगेन. वर्षभराचा प्रश्न आहे.

रेजिना

मनवेलपाडा
२० ऑगस्ट १९९५

एमिली,

शुक्रवारी तू कोर्टात येशील असं मला वाटलं नव्हतं. हॉस्पिटलच्या ड्यूटीवरून तशीच आलीस, पांढऱ्या साडीत, आणि सरळ पुढे जाऊन उभी राहिलीस. पट्टेवाला हात आडवा करत होता तरी.

जज वाईट माणूस नाही. चष्मा वर करून त्याने नीट विचारलं, "आपण कोण?"

"एमिली. परिच्छेद नऊमधली."

"आपण या प्रकरणात पक्षकार आहात का?"

"नाही. पण नाव माझं आहे."

"नाव आपलं असेल. पण पक्षकार नसल्यामुळे आपलं म्हणणं मला ऐकता येणार नाही. आपण बसा."

चुरी वकिलांनी मला नंतर समजावलं. नवऱ्याने बायकोवर आळ घेतला तर त्या पुरुषाला खटल्यात सामील करावंच लागतं, बिचाऱ्याची अब्रू असते ना. बायकोने नवऱ्यावर घेतला तर त्या बाईला बोलवायची गरज नाही. तिचं नाव घ्या, वापरा, तिला सांगितलंही नाही तरी चालतं. हे लिहिणाऱ्या माणसाला आई-बहीण होती की नाही देव जाणे.

तू बसलीस. मी तुझ्यापासून दोन खुर्च्यांवर होते आणि चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. उभी राहून दोन वाक्यं बोलले असते तर तुझं काम तिथेच झालं असतं. माझं मात्र बुडालं असतं आणि मी इनासच्या घरी परत गेले असते. तू हे ओळखलंस, कारण जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

इनासच्या उत्तराची गंमत ऐक. मारहाण त्याने तीन पानं भरून नाकारली आहे. तुझ्याबद्दल एक ओळ: 'अर्जदाराने पुरावा द्यावा.' नाही असं म्हटलेलं नाही. तू त्याच्या तोंडावर दार लावलं होतंस, ते तो असा फेडतो आहे.

तू गेल्यावर चुरी वकिलांनी जजला विचारलं, कायदाच बाईवर अन्याय करणारा आहे, कोर्ट काही करेल का? जज म्हणाला, "कायदा जुना आहे हे मला कळतं. पण हा नाजूक विषय आहे, समाजाच्या भावना आहेत. तो बदलायचा तर संसदेने." म्हणजे कोर्ट म्हणतं दिल्लीला विचारा. दिल्ली म्हणते, तुमच्या समाजाला विचारा. समाज म्हणतो फादरना विचारा. आणि फादर म्हणतात, देवाने जोडलंय ते माणसाने तोडू नये. माझा हात कुणी जोडला होता आणि कुणी तोडला, ते यात कुठेच येत नाही.

वसुंधरा तुला आठवते? वसईच्या कोर्टाबाहेर माझ्या शेजारच्या टाईपरायटरवर बसते ती. तिलाही नवरा मारायचा. ती हिंदू आहे, म्हणून तिला मारहाणच पुरली. दीड वर्षात मोकळी झाली आणि कुणाचं नाव घ्यावं लागलं नाही. मला म्हणते, "रेजिना, तुझ्या देवाचा कायदा कडक गं." मी म्हटलं, देवाचा नाही, राणीचा आहे.

मागच्या महिन्यात एका पक्षाचे लोक खोलीवर आले होते. सगळ्या धर्मांना एकच कायदा हवा म्हणून चंदनसारला सभा आहे, व्यासपीठावर या आणि तुमची कहाणी सांगा, म्हणाले. माझा हात बघून त्यांचे डोळे कसे चमकले ते बघायला हवं होतंस. मी विचारलं, खटल्यात काही मदत कराल? तर म्हणाले, तो कोर्टाचा विषय आहे. चहासुद्धा न विचारता मी त्यांना वाटेला लावलं.

पुढची तारीख डिसेंबरची आहे. निकाल लागू दे. मग मी बोलेनच.

रेजिना

मनवेलपाडा
९ नोव्हेंबर १९९६

एमिली,

तू मस्कतला गेलीस हे बेलाकडून कळलं. पत्ता तिनेच दिला. तिकडे हॉस्पिटलात कुणी तुझं आडनाव विचारून तोंड वाकडं करत नसेल, तेवढं तरी बरं.

बेलाची साक्ष झाली. तिच्यावर रागावू नकोस, ती एक शब्द खोटं बोलली नाही. चुरी वकिलांनी विचारलं, "गैरअर्जदाराला तुम्ही एमिलीच्या दारात पाहिलंत का?" ती म्हणाली, "होय, पाहिला." "किती वेळा?" "तीनदा. मी विहिरीवर होते." "घरात आणखी कोन होतं ते दिसलं का?" असं इनासच्या वकिलाने तिचीच नक्कल करत विचारलं, आणि लोक हसले. ती म्हणाली, "नाय दिसलं." खाली उतरताना मला म्हणते, "बरोबर सांगितलं ना गं?" मी मान हलवली.

घरात कोण होतं ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. तिन्ही वेळा मी होते. तुमच्या स्वयंपाकघरात, भाताच्या कणगीमागे, तोंडात पदर कोंबून. इनास मला न्यायला आला होता. तू दारात आडवी उभी राहून म्हणालीस, "रेजिना इथे नाही." तू कधी खोटं बोलत नाहीस. लहानपणी चिकूच्या चोरीतही खरं सांगून माझ्यासकट मार खाल्ला होतास. ते एक खोटं तू माझ्यासाठी बोललीस.

आता एक कबूल करते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की नाव वकिलांनी भरलं. तसं झालं नाही. चुरी वकील मसुदा पुढे सरकवून म्हणाले, "नवऱ्याला कुणाच्या घराशी बघितलंय लोकांनी? साक्षीदार मिळेल असं नाव सांगा." मी विचार करायला लागले. गावात त्याला कुणाच्या दाराशी कोण उभं राहू देणार? एकच दार होतं. जिने मला लपवलं तिचंच.

ते म्हणाले, तुम्ही टायपिस्ट आहात, तुम्हीच टाईप करून आणा, घाई नाही. मी तो कागद कोर्टाबाहेर चिंचेखाली माझ्या यंत्रावर लावला. एक मूळ, दोन कार्बन. परिच्छेद नऊपाशी थांबले, बाजूच्या गाडीवरून चहा मागवला, तो पूर्ण प्याले, आणि मग तुझं नाव टाईप केलं. एकाही अक्षराची खाडाखोड झाली नाही. वसुंधरा म्हणाली, आज काय सुरेख टाईप झालंय.

रेजिना

मनवेलपाडा
१ जून १९९७

एमिली,

पत्रं परत येत नाहीत, म्हणजे तुला मिळतात असं मी धरून चालले आहे. फाडत असशील तर तेही ठीक.

गेल्या महिन्यात मुंबईच्या मोठ्या कोर्टात तीन जजांनी मिळून सांगितलं की बायकोला व्यभिचार आणि मारहाण दोन्ही दाखवायला लावणं चुकीचं आहे, यापुढे मारहाण एकटी पुरे. वसुंधरा पेपर घेऊन धावत आली. आजूबाजूच्या टायपिस्टांनी माझ्यासाठी जिलेबी आणली. मी एक तुकडाही न खाता सगळी वाटून टाकली. सगळ्यांना वाटलं आनंदाने.

सव्वाशे वर्षं हा कायदा कुणालाही नाजूक विषय म्हणून हात लावता येत नव्हता. एके दिवशी तिघांनी लावला, आणि काही आभाळ कोसळलं नाही. चर्चची घंटासुद्धा वेळेवर वाजली. मग आधी का नाही? मी तीन वर्षं थांबले असते तर परिच्छेद नऊ लागलाच नसता. आणि मी थांबले असते तर कदाचित तिसऱ्यांदा हात मोडला असता, किंवा मान. हा हिशेब मी रोज करते आणि रोज तो माझ्याच बाजूने लागतो, म्हणून मला त्याचा किळस आला आहे.

चुरी वकील खुश आहेत. म्हणाले, "आता त्या बाईची गरजच उरली नाही. एक पुरसीस देऊन टाकू." पुरसीस म्हणजे कोर्टाला लेखी कळवायचा चिटोरा. त्यांनी सांगितलेला मजकूर मीच टाईप केला: 'परिच्छेद नऊवर अर्जदार जोर देत नाही.' मी विचारलं, 'परिच्छेद नऊ खोटा आहे' असं लिहू का? त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "तुम्ही देवाशपथ साक्ष दिली आहे. खोटा म्हटलात की खोट्या साक्षीबद्दल तुरुंग. आणि मग मारहाणसुद्धा कोण खरी मानणार? जोर देत नाही म्हणा. मराठीत त्याला खोटं म्हणत नाहीत."

मी जोर दिला नाही.

रेजिना

मनवेलपाडा
१५ फेब्रुवारी १९९८

एमिली,

निकाल लागला. मी मोकळी झाले. इनास तारखेला आलाच नव्हता.

निकाल आठ पानांचा आहे आणि मारहाणीबद्दल जजने फार चांगलं लिहिलं आहे. बाईची प्रतिष्ठा, मानवी मूल्यं, सगळं आहे. वाचताना रडू आलं हे खोटं कशाला सांगू. मग मी तुला शोधायला लागले. सातव्या पानावर सापडलीस. मुद्दा क्रमांक दोन, गैरअर्जदाराचा एमिली नावाच्या स्त्रीशी व्यभिचार सिद्ध होतो काय? त्यापुढे उत्तराच्या जागी लिहिलं आहे: 'या मुद्द्याचा विचार करण्याची आवश्यकता उरत नाही.'

'होय' नाही, 'नाही'ही नाही. तीन वर्षांवर तुला त्या कागदात टांगून ठेवलं आणि शेवटी म्हणाले, आवश्यकता उरत नाही. सिद्ध झालं नाही एवढं जरी लिहिलं असतं तरी तुझ्या आईने ते पान घरोघर नेलं असतं. मावशींना वाचता येत नाही, तरी नेलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणतात. इथे फाशीही दिली नाही, गळ्यात दोर अडकवून सगळे जेवायला निघून गेले.

मी कुंपसारला गेले. फादरना जाळीआडून सगळं पाप सांगितलं.  मग म्हणाले, दहा प्रार्थना म्हण आणि जिचं नुकसान केलंस तिची भरपाई कर. मी विचारलं, तुम्ही रविवारी गावाला सांगाल का? म्हणाले, कुंपसारात ऐकलेलं मला कुणाला सांगता येत नाही, तो आमचा कायदा. तिकडेही कायदा. दहा प्रार्थना मी वीस मिनिटांत संपवल्या आणि घरी येऊन बोंबलाची आमटी केली.

निकाल लागला की गावात खरं सांगेन, असं तुला लिहिलं होतं. निकाल लागून तीन दिवस झाले. अपिलाची मुदत संपू दे, असं चुरी वकील म्हणतात. मी बरं म्हटलं. जजला मी इतक्या शिव्या घातल्या, पण तुला मीही तारखाच देत आले आहे, हे मला आत्ता ही ओळ लिहिताना कळतं आहे.

रेजिना

मनवेलपाडा
१७ नोव्हेंबर २००१

एमिली,

पावणेचार वर्षं मी लिहिलं नाही. अपिलाची मुदत कधीच संपली होती. मग शाळेत टायपिंग शिकवायची नोकरी लागली, मग आई आजारी पडली, मग गेली. कारणं पुष्कळ आहेत, एकही सांगण्यासारखं नाही.

तू परत आलीस आणि निर्मळच्या फर्डिनंडशी तुझं ठरलं, हे मला कळलं. विधुर आहे, मुलगी कॉलेजात आहे, माणूस कमी बोलतो, असं बेला म्हणाली. तू आता गावातच आहेस तरी मी पत्रच लिहिते आहे. तुझ्या दारात यायचं मला तोंड नाही.

दोन रविवार तुझं नाव पुकारलं. उद्या तिसरा.

बुधवारी नव्या फादरनी मला बोलावणं पाठवलं. टेबलावर माझा अर्ज होता, इनासची ती कार्बन प्रत, घड्यांवर फाटलेली. फर्डिनंडच्या बहिणीच्या हातात कुणीतरी नेऊन दिली होती. कुणी, ते विचारायला नको. सात वर्षं त्याने ती जपली. लग्नाचा फोटो एवढा जपला नव्हता.

फादर तरुण आहेत, सरळ बोलतात. म्हणाले, "हे खरं आहे का?"

 हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. वकिलाने नाव विचारलं होतं. जजने साक्षीदार विचारले होते. मी म्हटलं, "नाही. खोटं आहे. मी स्वतः टाईप केलं."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि प्रत पाकिटात घातली. "मग झालं. मी त्या बहिणीला बोलावून समजावतो. बोभाटा नको."

"फादर, बोभाटा सात वर्षांपूर्वी झालाय. नावं पुकारता तिथे. मीही तिथेच सांगेन."

"चर्च म्हणजे कोर्ट नव्हे, रेजिनाबाई."

"म्हणूनच म्हणते."

काल चुरी वकिलांकडे गेले. आता थकलेत, ऐकू कमी येतं. मी ओरडून सांगितलं, तसं बाहेरच्या अशिलांनीही ऐकलं. म्हणाले, "गेल्या महिन्यात दिल्लीनेसुद्धा कायदा बदलला. आता हा मढं उकरायचा उद्योग कशाला? खोटी शपथ घेऊन हुकूम मिळवला असा अर्ज उद्या तो इनास करेल. टिकेल न टिकेल, पण तुम्ही पुन्हा दहा वर्षं कोर्टात. आणि तुरुंग होणारच नाही अशी हमी मी देत नाही. कोर्टाने तुम्हाला खोटं म्हटलेलं नाही, तर तुम्हीच का म्हणता?"

मला भीती वाटते, एमिली. तुरुंगाची वाटते, पण त्याहून इनासच्या नावाने पुन्हा कागद यायला लागतील त्याची जास्त. रात्री दाराला कडी आणि वर खुर्ची लावून झोपायची सवय आत्ता कुठे सुटली होती.

तरी दुपारी शाळेच्या यंत्रावर मी एक कागद टाईप केला आहे.

रेजिना

मनवेलपाडा
१८ नोव्हेंबर २००१, संध्याकाळ

एमिली,

तू आज चर्चमध्ये मिस्सेला नव्हतीस, मावशी होत्या. म्हणून जे झालं ते मी लिहिते. मावशींनी वेगळं सांगितलं तर त्यांचं खरं धर.

फादरनी तुमची नावं वाचली. निर्मळचा फर्डिनंड आणि आपल्या गावची एमिली, तिसरी आणि शेवटची वेळ, कुणाला हरकत असल्यास सांगावं. मी उभी राहिले. बायकांच्या बाकांवर असा आवाज झाला, कढईत पाणी पडल्यासारखा. त्यांना वाटलं मी हरकत घ्यायला उठले. मावशी मागे वळून ओरडल्या, "आता अजून काय पायजे तुला?"

पाठ केलेलं विसरले, म्हणून कागदच वाचला. 'मी रेजिना. १९९४ साली कोर्टात दिलेल्या माझ्या अर्जातला परिच्छेद नऊ खोटा आहे. एमिलीचं नाव मी घातलं. इनास तिच्या दारात तीनदा आला तो मला न्यायला. तिन्ही वेळा मी आत कणगीमागे होते.' एवढंच. बेला मोठ्याने म्हणाली, "अरे देवा, म्हंजे मी..." आणि तिने तोंडावर हात ठेवला. तिला जाऊन भेट कधीतरी, तिने काही केलेलं नाही.

फादर म्हणाले, "कुणाचीही हरकत नाही," आणि कागद मिटला. इनास मागच्या बाकावर होता. तो हसत होता. उद्या तो वकील गाठणार.

मिस्सेनंतर मावशी माझ्याजवळून गेल्या. थांबल्या नाहीत. थुंकल्याही नाहीत.

बाहेर क्रुसापाशी एक उंच माणूस उभा होता, हातात हेल्मेट. "तुम्ही रेजिना ना?" म्हणाला. "मी फर्डिनंड."

मी कागद पुढे केला. म्हटलं, तुमच्या बहिणीला दाखवा, तुमची खात्री होईल.

"माझी खात्री होती."

"कशी? निकालात तर काही लिहिलेलंच नाही."

"निकाल मी वाचला नाही," तो म्हणाला. "मी तिला विचारलं. ती नाही म्हणाली."

मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. त्याचं सांगून झालं होतं.

घरी येऊन मी जेवलेच नाही. एक जज, दोन वकील, तीन साक्षी, मोठ्या कोर्टातले ते तिघे, दिल्ली, फादर जुने आणि नवे. सात वर्षं एवढी शहाणी माणसं त्या एका ओळीभोवती फिरली, आणि कुणालाही तुला विचारावंसं वाटलं नाही. तू विचारा म्हणून पुढे येऊन उभी राहिलीस तेव्हा बसा म्हणाले. सगळ्यांची मला घाण वाटते. पण त्यांना निदान तू कोण ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि चिंचेखाली तो चहा पिताना तुझं घर वीस मिनिटांच्या रस्त्यावर होतं. 'एमिली, तुझं नाव घालू का?' एवढं विचारायला मी आले नाही. तू कदाचित हो म्हणाली असतीस. हे मला त्या वेळीही माहीत होतं, आणि तरी मी आले नाही.

कागद फर्डिनंडने घेतला नाही. तिचा आहे, तिला द्या, म्हणाला. म्हणून सोबत पाठवते. कार्बन काढलेली नाही, ही एकच प्रत आहे. पोलिसांत दे, कोर्टात दे, मावशींच्या चुलीत घाल. दिलास तर मी नाही म्हणणार नाही, माझी सही आहे खाली. दोनदा वाचून बघितला. या वेळी कुठेही मोकळी जागा सोडलेली नाही.

रेजिना